लाल दोऱ्याच्या एकतीस पिशव्या

श्री. यादवराव सोनवणे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट एका गोदामात झाली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या बियाणे कंपनीत मी मुलाखतीला गेले होते. धुळ्यात संगणकाचा वर्षभराचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केलेला, कडक इस्त्रीची साडी, काखेत प्रमाणपत्रांची फाईल. पंख्याखाली बसवून प्रश्न विचारतील, चहा देतील, अशी माझी कल्पना. नानांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "चला ताई," म्हणाले आणि मला थेट गोदामात घेऊन गेले.

तिथे छपरापर्यंत पोचलेल्या कपाशीच्या बियाण्याच्या थप्प्या होत्या. नाना म्हणाले, "यातली कुठलीही एक पिशवी काढा." मी काढली. "आता सांगा, हे बी कोणत्या गावात पिकलं?" पिशवीवर वाणाचं नाव होतं, वजन होतं, कंपनीचा शिक्का होता. गाव कुठे असणार? मी पिशवी उलटीपालटी करून पाहिली. "बरं, ही पिशवी उद्या कोणाच्या शेतात जाईल?" मी जरा चिडूनच म्हटलं, "ते कसं सांगता येईल?" नाना हसले. "ते सांगता यावं म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय. सोमवारपासून या."

एवढीच माझी मुलाखत. नानांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले, तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली. त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, आणि खरं सांगते, ती फार मजेत गेली.

मात्र सोमवार उजाडायच्या आधीच घोडं अडलं. माझे वडील धुळ्यातल्याच देवपूरला शाळेत शिक्षक. मुलगी जळगावला एकटी राहणार, तीही गोदामाच्या नोकरीसाठी, हे त्यांना मुळीच पटेना. मी तसं कळवलं तर रविवारी नाना एसटीने धुळ्याला हजर. सोबत केळ्यांची एक फणी. वडिलांसमोर बसून त्यांनी पगाराचं, बढतीचं काही काढलं नाही. म्हणाले, "गुरुजी, माझ्या बहिणीच्या घरी तुमच्या लेकीची राहायची सोय केली आहे. घरून किती वाजता निघाली, कंपनीत किती वाजता पोचली, हे तुम्ही केव्हाही विचारा. मी सांगेन." वडील नंतर आईला म्हणाले, "हा माणूस आपल्या मुलीचीही नोंद ठेवणार आहे." आणि खरोखरच पहिले सहा महिने दर शनिवारी नानांचं पोस्टकार्ड आमच्या घरी जात असे. त्यात मी काय काम केलं याच्यापेक्षा नीट जेवते की नाही याचाच मजकूर जास्त असे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

नाना मूळचे धरणगावचे. मॅट्रिक झाल्यावर कंपनीत वजनकाट्यावर लागले आणि पुढे गोदामाचे प्रमुख झाले. बियाण्याची पिशवी कुठून आली, कुठे गेली हे सांगणाऱ्या आमच्या लॉट-प्रोग्रॅमचे खरे कर्ते तेच. पण या गृहस्थांनी कळफलकाला आयुष्यात कधी बोट लावलं नाही. संगणकाची खोली थंड असे आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. नाना चपला काढत, माझ्यामागे खुर्ची ओढून बसत आणि पडद्याकडे न बघता डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, "थांबा. इथं माल कुणी उचलला?" त्यांना पडद्यावर आकडे दिसत नसत, गोदाम दिसत असे.

माझा पहिला प्रोग्रॅम मी मोठ्या ऐटीत दाखवला. कोणत्या वाणाच्या किती पिशव्या आल्या, किती गेल्या, किती शिल्लक, सगळं एका बटणावर. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, किती आहे हे मला दारात उभं राहून दिसतं. त्याला एवढं मोठं यंत्र कशाला? कुठून आलं आणि कुठं गेलं ते सांगा." माझा पार हिरमोड झाला. तीन आठवड्यांचं काम पुसून मी पुन्हा पहिल्यापासून बसले.

मग नानांनी लॉट म्हणजे काय ते मला हातात बी घेऊन समजावलं. एका गावच्या बीजोत्पादक शेतकऱ्यांकडून एका वेळी आलेलं, एकत्र धुतलेलं, एकत्र वाळवलेलं, एकत्र पिशव्यांत भरलेलं बी म्हणजे एक लॉट. त्याला एक क्रमांक. तो क्रमांक पिशवीवर, थप्पीच्या कार्डावर, चलनावर आणि शेवटी दुकानदाराच्या बिलावरही हवा, असा नानांचा हट्ट. बिलावर लॉट क्रमांक म्हटल्यावर दुकानदारांनी कटकट सुरू केली. पेरणीच्या गर्दीत कोण आकडे लिहीत बसणार? चोपड्याचे एक दुकानदार तर म्हणाले, "नाना, तुम्ही स्वतः येऊन लिहा." दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला नाना पेन घेऊन गल्ल्याशेजारी बसलेले. दिवसभर त्यांनी प्रत्येक बिलावर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि लॉट क्रमांक घातला, सुवाच्य अक्षरात. संध्याकाळी दुकानदारच शरमले आणि पुढे कधी त्यांनी कुरकुर केली नाही.

हा नाद नानांना घरीदारीही होता. काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांवर कैऱ्या कोणाच्या झाडाच्या आणि मोहरी कधी दळली याच्या चिठ्ठ्या असत. भरिताच्या पार्टीला बोलवावं, तर सगळे जण भाकरी मोडून मोकळे झालेले आणि नाना यजमानांना विचारत असायचे, वांगी कोणत्या मळ्यातली? आम्ही त्यांची पुष्कळ थट्टा केली. ती आमच्याच अंगावर यायची होती.

कंपनीत येऊन मला तीन-चार वर्षं झाली होती. मे महिना होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा उलटला होता आणि विहिरींना पाणी असलेल्या बागायतदारांची कपाशीची लागवड चार-पाच दिवसांवर आली होती. लॉट बाजारात गेल्यावरही राखून ठेवलेल्या नमुन्याची उगवण पुन्हा तपासून बघायची, असा नानांचा एक नेम होता. प्रयोगशाळेतले लोक याला हसत. गेलेल्या मालाची कसली तपासणी? त्या सकाळी सतरा क्रमांकाच्या लॉटचं ओलं फडकं उलगडलं, आणि कोणी हसलं नाही. निम्म्याही बियांना मोड आले नव्हते. सरकीची लव आम्लाने काढतात. त्यानंतर बी भरपूर पाण्याने धुवावं लागतं. या लॉटच्या धुण्यात कसूर झाली होती. पहिल्या तपासणीत बी तरलं, आणि पुढे आम्लाने त्याला आतून खाल्लं.

तो लॉट तर बाजारात गेलेला. ते बी कोणाच्या शेतात पडलं असतं, तर त्याचा हंगाम गेला असता. कपाशी उगवली नाही हे कळायला आठ दिवस लागतात, आणि तोवर पाणी, मशागत, बायांचा रोज, सगळं त्या मातीत गेलेलं असतं. नाना माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. म्हणाले, "ताई, सतराची एकही पिशवी जमिनीत जाता कामा नये."

मी लॉट क्रमांक टाकला. प्रिंटर कुरकुरत चालू झाला आणि भोकांच्या पट्टीचा कागद बाहेर येऊ लागला. धुळ्याचा डेपो इतक्या पिशव्या, चोपड्याची दोन दुकानं इतक्या, धरणगाव इतक्या, गोदामात शिल्लक इतक्या. सगळं पाच मिनिटांत! पूर्वी याच कामाला पावत्यांचे गठ्ठे उपसत आठवडा गेला असता, आणि तरी खात्री नसती. त्याच तासाला दोन जीपगाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सतराची शेवटची पिशवी कंपनीच्या आवारात उतरली. विकल्या गेलेल्या पिशव्यासुद्धा बिलावरच्या नावांमुळे शेतकऱ्यांच्या ओट्यावरून परत आल्या. मोजल्या. कागदावरच्या आकड्याशी तंतोतंत जमल्या.

आमचे मालक, ज्यांना आम्ही शेठजी म्हणत असू, त्यांनी पेढे मागवले. मी तर हवेत होते. माझ्या प्रोग्रॅमने मैदान मारलं होतं! सगळे पेढे खात होते, आणि नाना मात्र पेढा हातात धरून त्या परत आलेल्या थप्पीपुढे उभे.

"ताई," म्हणाले, "आणि उरलेलं?"

"काय उरलेलं, नाना? सगळ्या पिशव्या आल्या की."

"पिशव्या आल्या. लॉटच्या शेवटी एक पिशवी पुरती भरत नाही. थोडं बी उरतंच. सतराचं ते उरलेलं बी कुठं आहे?"

मी कागद पाहिला. तिथे माझ्याच हाताने केलेला एक रकाना होता. त्याचं नाव 'घट'. पिशव्यांत न मावलेलं जे काही राहील ते प्रोग्रॅम आपोआप घटीत टाकत असे आणि हिशेब बरोबर जुळवत असे. मला ती माझी हुशारी वाटत होती. पण बी काही हवेत विरत नाही. ते कुठेतरी होतं, आणि मी त्याला कागदावरून पुसून टाकलं होतं.

नानांनी रज्जाकभाईंना बोलावलं. रज्जाकभाई म्हणजे हमालांच्या टोळीचे मुकादम. वीसेक वर्षं त्याच गोदामात घालवलेले, अतिशय सरळ गृहस्थ. नानांनी विचारलं आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "ते भरतीना पोतामा जास, नाना."

पिशव्या भरतात त्या भरवणीच्या टेबलाशेजारी एक उघडं पोतं कायम असे. प्रत्येक लॉटचं उरलेलं बी त्यात पडे. वाण एकच, मग वेगळं कशाला ठेवायचं? कुठली पिशवी काट्यावर कमी भरली, किंवा उंदराने कुरतडून तिच्यातलं बी सांडलं, की त्या पोत्यातून मूठ-दोन मूठ बी घालून तिचं वजन पुरं करायचं. याला भरती म्हणत. कोणी शिकवलेलं नाही, कोणी लिहून ठेवलेलं नाही.

"शेतकरीले वजन कमी कसं देवानं?" रज्जाकभाई म्हणाले. "बठ्ठी जिंदगी आम्ही भरती करत उनूत. एक मूठ बी कोनी कमी नेयेल नही." सगळं आयुष्य भरती करत आलो, कोणी मूठभरही बी कमी नेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

शेठजी भडकले. "म्हणजे सतराचं खराब बी दुसऱ्या लॉटच्या पिशव्यांत गेलं! उद्यापासून ही टोळी मला गेटच्या आत नको." रज्जाकभाईंचा चेहरा उतरला. आपण कोणाचं काय बिघडवलं, हेच त्यांना कळत नव्हतं. ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता तीच चूक ठरली होती. नाना एरवी शेठजींपुढे आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही, पण प्रत्येक शब्द ऐकू गेला. "शेठजी, भरतीला प्रोग्रॅममध्ये रकानाच नाही. तो ठेवायचा राहिला माझ्याकडून, आणि घरी रज्जाकभाईंनी जायचं?" मग ते रज्जाकभाईंकडे वळले. "भाऊ, भरतीची पिशवी ओळखायची कशी? तेवढं सांग."

"इंदूअक्काले इचारा," रज्जाकभाई म्हणाले.

इंदूअक्का भरवणीच्या टेबलावर काम करायच्या. पिशव्या यंत्रावर पांढऱ्या दोऱ्याने शिवल्या जात. पण एकदा उसवलेली पिशवी यंत्रावर पुन्हा नीट बसत नसे, म्हणून भरतीच्या पिशव्या इंदूअक्का दाभणाने हाताने शिवत. आणि शिवत लाल दोऱ्याने. का, तर आपलं काम वेगळं दिसावं! त्यांनी आम्हाला टेबलामागच्या भिंतीपाशी नेलं. तिथे कोळशाने मारलेल्या रेघा होत्या, ओळीने.

"एक पिशवी, एक रेघ," अक्का म्हणाल्या. "नही तं तुम्ही म्हनशात, अक्का नुसती बशी ऱ्हास. पाटीवर लॉटना नवा आकडा लागना का मी नवी वळ धरस."

म्हणजे दर लॉटला रेघांची नवी ओळ. नानांनी भिंतीवर हात ठेवला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या कुठल्याही प्रोग्रॅमने कधी दिला नसेल. थंड खोलीतल्या यंत्राला जे माहीत नव्हतं, ते एका बाईने कोळशाने भिंतीवर लिहून ठेवलं होतं, तेही लॉटवार!

पुढचं गणित सोपं होतं. सतराचं उरलेलं बी पोत्यात पडल्यानंतर भरलेले लॉट कोणते? प्रोग्रॅम म्हणाला, अठरा, एकोणीस आणि वीस. पोतं रिकामं कधी झालं? आखाजीच्या आदल्या दिवशी भरतीचं पोतं झटकून उन्हात टाकायचं, हा रज्जाकभाईंच्या टोळीचा वर्षानुवर्षांचा रिवाज. वीस भरला तो आखाजीनंतर, म्हणजे विसाव्या लॉटपासून धोका नाही. अठरा आणि एकोणीसच्या ओळींतल्या रेघा मी मोजल्या, अक्कांनी मोजल्या, नानांनी मोजल्या. एकतीस. लाल दोऱ्याच्या एकतीस पिशव्या शोधायच्या होत्या.

शेठजींचा राग आता निवला होता. ते म्हणाले, "नाना, एका पिशवीत मूठभरच खराब बी असेल ना? बाकीचं उगवेल की. एवढं कशाला?" नाना म्हणाले, "ती मूठ ज्याच्या सरीत पडेल, त्याला ती मूठभर नसते, शेठजी." शेठजींनी जीपच्या किल्ल्या दिल्या.

गोदामात नऊ पिशव्या मिळाल्या. रज्जाकभाईंच्या टोळीने अख्ख्या थप्प्या उतरवून प्रत्येक शिवण बघितली. मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, कोणी पाणी प्यायलाही थांबलं नाही. धुळ्याच्या डेपोत अकरा सापडल्या. धरणगावच्या दुकानात सहा. चोपड्याच्या दुकानात एक, आणि दुकानदारांनी बिलबुकं आमच्यापुढे ठेवली. हेच ते दुकानदार ज्यांच्याकडे नाना पेन घेऊन बसले होते. अठरा-एकोणीसच्या पिशव्या नेलेले शेतकरी त्या बिलांवर नावा-गावानिशी होते. एकेकाच्या घरी जाऊन शिवणी बघितल्या. तीन लाल दोरे मिळाले. तीस झाल्या. एक राहिली.

शेवटचं बिल सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या आबांचं होतं. एकोणीस क्रमांकाच्या चार पिशव्या. घरी गेलो तर सून म्हणाली, आबा तर सकाळीच शेतात गेले, आज लागवड आहे. नाना धावतच जीपकडे वळले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा धावताना पाहिलं.

बांधावर पोचलो तेव्हा सऱ्यांना पाणी दिलेलं होतं आणि पाच-सहा बाया वाकून बी टोचत होत्या. आबा डोक्याला पागोटं गुंडाळून सूचना देत होते. नानांनी बांधावरूनच हात वर केला. "आबा, थांबा! थांबा जरा!"

"काय थांबा?" आबा खेकसले. "पानी देयेल शे, बाया लायेल शेतस. तुम्ही कोन?"

नानांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. बी धुण्यात चूक आमची, भरतीची नोंद ठेवली नाही ती चूक आमची. बांधावर चार पिशव्या होत्या. तीन शिवलेल्या, पांढऱ्या दोऱ्याच्या. चौथी फोडलेली. हाताने शिवलेली पिशवी दोरा ओढला की लगेच उसवते, म्हणून आबांनी नेमकी तीच आधी फोडली होती. तोंडाशी लाल दोरा लोंबत होता. एकतिसावी! मी ओरडलेच. मग माझ्या लक्षात आलं की पिशवीत बी कमी आहे.

"किती वळी झाल्या, आबा?" नानांनी विचारलं.

"दोन."

नानांनी फोडलेली पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली आणि विसाव्या लॉटची नवी पिशवी आबांच्या हातात दिली. मग बाभळीच्या चार खुंट्या तोडून त्या दोन ओळींच्या टोकांना ठोकल्या. म्हणाले, "आबा, या दोन ओळी माझ्या. आठ दिवसांनी येतो." आबांचा विश्वास बसला नव्हता हे दिसतच होतं. कंपनीचा माणूस खुंट्या ठोकून जातो, परत कशाला येईल?

नाना आठव्या दिवशी गेले. मी मुद्दाम सोबत गेले. शेतभर कपाशीची दोन-दोन पानं वर आलेली होती. खुंट्यांच्या दोन ओळींत मात्र मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या. फार नाहीत, सात-आठ. नानांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, खुरपं मागितलं आणि एकेक नांगी, म्हणजे न उगवलेली मोकळी जागा, स्वतः भरली. रिकामी जागा उकरायची, दोन बिया टाकायच्या, माती लोटायची, तांब्याने पाणी घालायचं. आबा बांधावर बसून हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनी उठून नानांच्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः पाणी घालू लागले.

अशा रीतीने सतराव्या लॉटचा एकही दाणा कोणाच्या हंगामाला नडला नाही. त्या वर्षी आमच्या बियाण्याबद्दल एकही तक्रार आली नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते.

परतल्यावर नानांनी पहिली गोष्ट केली ती अशी की, रज्जाकभाईंना संगणकाच्या थंड खोलीत आणलं. हमालाला तिथे प्रवेश नसे. रज्जाकभाई दारात थबकले. पाय धुळीने माखलेले. "नाना, आठे?" "आठेच, इथेच," नाना म्हणाले आणि स्वतःची खुर्ची त्यांना दिली. मग रज्जाकभाई सांगत गेले आणि मी लिहीत गेले. भरती कधी होते, कशाने होते, कोणत्या पिशवीला लागते, पोतं केव्हा झटकतात. 'घट' नावाचा रकाना मी त्याच दिवशी काढून टाकला. त्या जागी 'भरती' हा नवा भाग आला. कोणत्या लॉटमधून, कोणत्या लॉटमध्ये, कोणत्या पिशवीत. लाल दोरा राहिलाच, आणि इंदूअक्कांना कोळशाऐवजी वही मिळाली. अक्का काही दिवस रुसल्या होत्या. भिंत बरी होती म्हणाल्या.

पुढच्या काही वर्षांत आमचा हा प्रोग्रॅम बघायला बाहेरगावच्या कंपन्यांची माणसं येऊ लागली. सुटाबुटातली, आमच्यापेक्षा मोठी यंत्रं असलेली. भरतीच्या भागापाशी ती हमखास थांबत आणि विचारत, हे तुम्हाला कसं सुचलं? नाना त्यांना गोदामात नेऊन रज्जाकभाईंशी ओळख करून देत. एकदा एका तपासणी अधिकाऱ्यांनी थप्पीतून मनाला येईल ती पिशवी ओढून काढली आणि म्हणाले, सांगा हिचा ठावठिकाणा. चहा थंड व्हायच्या आत त्यांच्या हातात कागद होता. बी कोणत्या गावचं, कधी धुतलं, कोणी भरलं, आणि शेजारच्या रकान्यात, भरती दोन मुठी, अमुक लॉटमधून. अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. मुलाखतीच्या दिवशी हाच प्रश्न नानांनी मला विचारला होता, आणि तेव्हाचा माझा चेहरा फक्त त्यांनीच बघितलेला. ते माझ्याकडे बघून मिश्या चाचपत होते.

नानांकडून मी प्रोग्रॅम लिहायला शिकले असं म्हटलं तर लोक हसतील, पण ते खरं आहे. हिशेब जुळला की माझं समाधान होत असे. नानांचं होत नसे. जुळलेल्या हिशेबात कोणाचं काम दिसेनासं झालं आहे, हे ते शोधत. त्यांच्या हाताखाली काम करायला मिळालं याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते, आणि त्यांच्यावर माझं फार प्रेम आहे. औपचारिक ग्रंथात असं लिहितात की नाही माहीत नाही, मी लिहिलं.

त्या वर्षीचीच एक गोष्ट सांगायची राहिली. पोळा झाल्यावर आबांचा निरोप आला, कपाशी बघायला या. आम्ही गेलो. कपाशी छातीला लागत होती, पात्यांनी आणि बोंडांनी लवलेली. आबांनी बांधावर उभं राहून विचारलं, "सांगा बरं नाना, तुमन्या त्या दोन वळी कोन्त्या?"

नाना आत शिरले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. खुंट्या आबांनी केव्हाच उपटून टाकल्या होत्या. कुठेही नांगी नव्हती, कुठेही झाड खुजं नव्हतं. गोदामातल्या प्रत्येक पिशवीचा माग सांगणारे आमचे नाना त्या शेतात घामाघूम होऊन फिरत होते आणि स्वतः भरलेल्या दोन ओळी त्यांना सापडत नव्हत्या. आबा बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. शेवटी नानाही कपाशीच्या मधोमध उभं राहून हसायला लागले. एवढे मनमोकळे हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

या लेखासाठी मी आबांना पत्र टाकलं होतं. ते आता खूप थकले आहेत, पण त्यांनी सुनेकडून उत्तर लिहवून पाठवलं. नाना, तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट पाय लाभोत, ही रज्जाकभाईंची, इंदूअक्कांची आणि माझी मनापासूनची इच्छा. तुमच्या पायांवर आबांचाही हक्क आहे. त्यांचा निरोप जसाच्या तसा देते: "नानाले सांगा, त्या वळी आजून सापडन्या नहीत. पुढला साल बी या, धुंडाले."